रान तेच, जनावरं किती?

नोव्हेंबर २००२ मध्ये जपानी दुकानांत ‘पोकेमॉन रुबी’ आणि ‘सफायर’ आले आणि जुन्या खेळाडूंना एक विचित्र गोष्ट जाणवली. खेळाच्या पोटात ३८६ जीवांची चित्रं आणि माहिती भरलेली होती, पण हाती लागत होते दोनशेच्या आसपास. बाकीचे आणायचे कुठून? आधीचे ‘रेड’, ‘ग्रीन’, ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’ हे खेळ गेमबॉयवरचे. नव्या गेमबॉय ॲडव्हान्सवरच्या खेळांशी त्यांची तार जुळतच नव्हती. वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं जुन्या कार्ट्रिजमध्ये अडकून पडलं. सव्वा वर्षानं, २९ जानेवारी २००४ रोजी, १९९६ च्या पहिल्या खेळांचे रिमेक ‘फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’ या नावांनी आले. जुन्या आठवणींना फुंकर घालणं हा त्यांचा एक हेतू होताच. पण अडकलेल्या जीवांचा नव्या यंत्रावर पुरवठा सुरू करणं हाही तितकाच महत्त्वाचा होता.

जीव पकडायचे, पाळायचे, वाढवायचे आणि झुंजवायचे, असा हा खेळांचा प्रकार. त्याच्या रिमेकवर बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकूण किती? आकडा जाहिरातीत येतो, त्यावर भांडणं होतात, याद्या निघतात. खेळणाऱ्याला वैविध्य जाणवतं ते मात्र या आकड्यातून नव्हे. पहिल्या तीन तासांत गवतातून काय बाहेर पडतं, चौथ्या गावातला प्रतिस्पर्धी काय काढतो, आवडलेला जीव कथा संपायच्या आत मिळतो की नंतर, यावर ते ठरतं. गेल्या वीस-बावीस वर्षांतले रिमेक एकापुढे एक ठेवले तर एवढं नक्की दिसतं की जीव वाढवणं बहुतेकांना जमलं. त्यांची नीट पेरणी फार थोड्यांना.

‘फायररेड’पासूनच बघावं. मूळ खेळात १५१ जीव होते. त्यातला शेवटचा म्यू तर शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरनं अगदी अखेरच्या क्षणी, चाचणीची साधनं काढल्यावर मोकळ्या झालेल्या सुमारे ३०० बाइट जागेत कोंबलेला. रिमेकच्या वेळी जागेची ती तंगी उरली नव्हती. तरीही कथेच्या शेवटापर्यंत खेळाडूला त्याच पहिल्या दीडशेंच्या कुंपणात ठेवायचं, असं निर्मात्या गेम फ्रीक कंपनीनं ठरवलं. हे कुंपण किती कडक होतं याचा नमुना म्हणजे गोल्बॅट. १९९९ च्या ‘गोल्ड’-‘सिल्व्हर’मध्ये या वटवाघळाला क्रोबॅट हे पुढचं रूप मिळालं होतं. ‘फायररेड’मध्ये गोल्बॅटचं रूपांतर सुरू होतं, पडदा लखलखतो आणि मधेच सगळं थांबतं. देशभरच्या जीवांची नोंदवही, म्हणजे नॅशनल डेक्स, हाती येईपर्यंत क्रोबॅट नाहीच. रिमेक हा जुन्या काळाचा देखावा आहे आणि त्या काळात क्रोबॅट नव्हता, हा त्यामागचा तर्क. तो समजतो, पण पटत नाही. कारण याच खेळात सेव्ही बेटं नावाचा पूर्ण नवा भाग जोडला होता, आणि तिथे दुसऱ्या पिढीचे, म्हणजे ‘गोल्ड’-‘सिल्व्हर’मधले, जीव मोकळे फिरत होते. नवी बेटं चालतात आणि नवं वटवाघूळ चालत नाही!

यापुढच्या प्रत्येक रिमेकची पारख करायला हा गोल्बॅटचा प्रश्न चांगला उपयोगी पडतो. मूळ खेळानंतर जन्मलेल्या नातलगांचं काय करायचं? २००९ च्या ‘हार्टगोल्ड’-‘सोलसिल्व्हर’नं त्यावर अर्धं उत्तर दिलं. यान्मा, पिलोस्वाइन, टँगेला यांना चौथ्या पिढीत मिळालेली मोठी रूपं इथे घेता येतात. पण ईव्हीच्या लीफियन आणि ग्लेसियन या रूपांसाठी शेवाळलेला किंवा बर्फाळ खडक लागतो, मॅग्नेझोनसाठी विशिष्ट चुंबकीय प्रदेश लागतो, आणि हे काहीच या भूभागात ठेवलेलं नाही. २०१४ च्या ‘ओमेगा रुबी’-‘अल्फा सफायर’नं मात्र दार नीट उघडलं. ‘रुबी’-‘सफायर’च्या होएन प्रदेशाची मूळ नोंद २०२ जीवांची होती. रिमेकमध्ये ती २११ झाली. वाढलेले नऊही जीव मूळ होएनवासीयांचे नंतर जन्मलेले सगेसोयरे: गॅलेड, रोझरेड, डस्कनॉर, फ्रॉसलास आणि मंडळी. घरच्या माणसांना घरात घेतलं, एवढंच. वाढ नऊचीच असली तरी फरक पहिल्या गावापासून जाणवतो, कारण राल्ट्स पकडणाऱ्याला आता गार्डेव्हॉर की गॅलेड हा निर्णय कथेच्या वाटेवरच घ्यावा लागतो.

‘हार्टगोल्ड’बद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण चाहत्यांच्या याद्यांत तो सर्वांत लाडका रिमेक म्हणून वारंवार येतो आणि जीवांच्या पेरणीत तोच सगळ्यात विचित्र आहे.

मूळ ‘गोल्ड’-‘सिल्व्हर’नं १०० नवे जीव आणले. नवा प्रदेश जोहटो, नवी माणसं, नवी गावं. पण त्या प्रदेशातले पहिले चार जिम लीडर, म्हणजे गावोगावचे उस्ताद, काय घेऊन उभे राहतात? फॉकनरकडे पिजी आणि पिजोटो. बग्झीकडे मेटापॉड, काकुना आणि सायथर. व्हिटनीकडे क्लेफेरी आणि मिलटँक. मॉर्टीकडे गॅस्टली, दोन हाँटर आणि गेंगार. अकरा जीव, त्यात नवा एकच: मिलटँक, जिनं एका पिढीला रडवलं ती गाय. नव्या पिढीचं भूत मिसड्रीव्हस खेळात असताना भुतांचा उस्ताद जुनीच भुतं नाचवतो. हाउंडूर हा जोहटोतल्या नव्या जीवांपैकी सगळ्यात देखण्यांपैकी एक. पण मूळ खेळात तो रानात सापडतो कांटोमध्ये, म्हणजे जोहटोची सगळी स्पर्धा जिंकून शेजारच्या प्रदेशात गेल्यावर. त्याआधी एलिट फोर या शेवटच्या चौकडीतली कॅरेन त्याचंच मोठं रूप हाउंडूम तुमच्यावर सोडते. ते पाहायचं, त्याच्याकडून हरायचं आणि मुकाट पुढे जायचं.

दहा वर्षांनी रिमेक करताना हे सगळं दुरुस्त करण्याची आयती संधी होती. यंत्र निन्टेंडो डीएस, हाताशी ४९३ जीव, जागेची अडचण नाही. तरी त्या चौघांचे अकराच्या अकरा जीव तसेच राहिले. १९९७ मध्ये एका प्रदर्शनात या खेळाची सुरुवातीची आवृत्ती दाखवली होती. ती २०१८ मध्ये इंटरनेटवर फुटली आणि त्यात पुढे बाद झालेल्या कितीतरी जीवांची चित्रं जगानं पाहिली. जोहटोच्या रानासाठी एके काळी केवढी सामग्री तयार होती हे त्यातून कळतं. रिमेकनं तिला हातही लावला नव्हता.

मग ‘हार्टगोल्ड’ एवढा भरलेला का वाटतो? त्याचं श्रेय एका वेगळ्याच युक्तीला आहे. पथकातला पहिला जीव खेळाडूच्या मागे मागे चालतो. १९९८ च्या ‘यलो’मध्ये ही सोय फक्त पिकाचूला होती, इथे ४९३ जीवांपैकी प्रत्येकाला. त्यासाठी प्रत्येकाचं चालतं छोटं चित्र काढावं लागलं. अवाढव्य जीवांना काही इमारतींत शिरता येत नाही, ते दाराबाहेर राहतात, आणि या एका गैरसोयीमुळे त्यांचं आकारमान खरं वाटू लागतं. वैविध्य गवतात वाढलं नाही, पण ते पायाशी आलं. जीव हा यादीतला एक क्रमांक न राहता सोबती झाला की खेळाडू बाकीचं माफ करतो.

‘ओमेगा रुबी’नं उलट बाजूनं हात घातला आणि मूळ जीवांचं रूपच बदललं. आदल्या वर्षीच्या ‘एक्स’-‘वाय’मध्ये सुरू झालेलं मेगा रूपांतर होएनच्या जीवांना सढळ हातानं वाटलं. सेप्टाइल हा हिरवा सरडा ड्रॅगन झाला, स्वॅम्पर्टचे दंड फुगले, ग्राउडन आणि कायोगर यांना आदिम रूप मिळालं. कांटोतली बिचारी बीड्रिल, जी १९९६ पासून तिसऱ्या गावानंतर कोणी पथकात ठेवत नसे, तिलाही मेगा रूप मिळून ती पहिल्यांदा दखल घेण्याजोगी झाली. सगळीच रूपं साधली असं नाही. काहींत नुसते काटे आणि फिती वाढवल्यासारखं वाटतं. पण त्याहून मोलाचं म्हणजे डेक्सनॅव्ह हे साधन. गवतात दडलेल्या जीवाची शेपटी किंवा कान दिसायचा, आणि पाय न वाजवता त्याच्याजवळ जायचं. अशा जीवाकडे एरवी त्याला न येणारा डावही असू शकतो. परिणाम असा की शंभरदा दिसलेला पूच्येना पुन्हा एकदा पाहावासा वाटतो. कथेतलं मोठं संकट टळल्यावर याच साधनानं परप्रांतीय जीवही सापडू लागतात. त्यासाठी नवा नकाशा लागला नाही, ना नवं बेट.

आणि मग २०२१.

‘ब्रिलियंट डायमंड’ आणि ‘शायनिंग पर्ल’ हे काम गेम फ्रीकनं इल्का या दुसऱ्या स्टुडिओकडे सोपवलं. मूळ २००६ च्या ‘डायमंड’-‘पर्ल’ची एक खोड जगजाहीर होती: सिनो प्रदेशाच्या यादीत अग्नीजीवांची दोनच घराणी, चिमचारचं आणि पोनीटाचं. एलिट फोरमधला फ्लिंट स्वतःला आगीचा उस्ताद म्हणवतो आणि पाचांपैकी तीन जागी स्टीलिक्स, लोपनी आणि ड्रिफब्लिम काढतो. पोलादी साप, ससा आणि फुगा! २००८ च्या सुधारित ‘प्लॅटिनम’नं ही खोड काढली, नोंद दीडशेवरून २१० वर गेली, आणि फ्लिंटला हाउंडूम, फ्लॅरियन आणि मॅगमॉर्टार मिळाले. तेरा वर्षांनंतरच्या रिमेकनं ‘प्लॅटिनम’कडे पाठ फिरवली आणि पुन्हा तीच जुनी यादी पुढे ठेवली. पहिल्या सामन्यात फ्लिंटकडे पुन्हा ससा आणि फुगा.

बचावाला एक मुद्दा आहे आणि तो दुबळा नाही. रिमेकमध्ये ‘ग्रँड अंडरग्राउंड’ नावाचं प्रचंड भुयार आहे. तिथल्या दालनांत जीव उघड फिरताना दिसतात आणि हाउंडूरसारखे मूळ यादीबाहेरचे जीवही तिथे मिळतात. म्हणजे वैविध्य आहे, फक्त ते जमिनीखाली नेऊन ठेवलं आहे. वर रस्त्यावर चालणाऱ्याला ते दिसत नाही, आणि वरच्या माणसांच्या पथकांतही ते उतरत नाही. गोल्बॅटच्या प्रश्नाला इथलं उत्तर सगळ्यात कोरडं: ४९३ वर रेघ. ईव्हीचं सिल्व्हियन हे रूप २०१३ पासून आहे, ते ज्या फेअरी प्रकारचं आहे तो प्रकारही या रिमेकमध्ये आहे, पण सिल्व्हियन नाही. दोनच महिन्यांनी आलेल्या ‘लेजेंड्स: आर्सियस’नं याच प्रदेशाच्या भूतकाळात नेऊन जुन्या स्टँटलरला वायरडीअर, सायथरला क्लीव्हर अशी नवी रूपं दिली, तेव्हा तर हा भित्रेपणा फारच उघडा पडला.

याच रिमेकमधली स्पिंडाची गोष्ट सांगायलाच हवी. स्पिंडा हा झिंगल्यासारखा डुलणारा पांडा. २००२ पासून त्याच्या अंगावरच्या चार ठिपक्यांच्या जागा एका ३२ बिटी आकड्यावरून ठरतात, म्हणून त्याच्या चारशे कोटींहून जास्त तऱ्हा होऊ शकतात. एकाच जातीत एवढं वैविध्य या प्रकारात दुसरीकडे क्वचितच असेल. ‘ब्रिलियंट डायमंड’ तो आकडा बाकीच्या खेळांपेक्षा वेगळ्या क्रमानं वाचतो आणि ठिपके दुसरीकडेच उमटतात. तोडगा असा निघाला की सगळे जीव साठवायच्या ‘होम’ सेवेत या खेळातून स्पिंडाला प्रवेशच नाही.

२०१८ च्या ‘लेट्स गो’ जोडीवर कमी जीव असल्याचा आरोप सगळ्यात जास्त झाला, आणि तो सगळ्यात कमी लागू पडतो. पहिले १५१, त्यातल्या काहींची अलोला प्रदेशातली रूपं, आणि मेलटन-मेलमेटल ही नवी जोडी. क्रोबॅट इथेही नाही, पण इथे खोटा दरवाजाही नाही. कुंपण पहिल्या दिवसापासून स्पष्ट आहे. जीव गवताबाहेर दिसतात, लहान-मोठे दिसतात, ऑनिक्सच्या पाठीवर बसता येतं. मोजके जीव असले तरी रान भरलेलं वाटू शकतं याचा हा पुरावा.

पोकेमॉनबाहेर पाहिलं तर या प्रश्नाची वेगळीच उत्तरं सापडतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेत शत्रूला सोबती करण्याची कल्पना पोकेमॉनच्याही आधीची, १९९२ च्या पाचव्या भागातली. त्याच्या २००४ च्या प्लेस्टेशन २ वरच्या रिमेकनं लढाईत तिघांऐवजी चौघांना उतरवलं आणि सोबती होऊ शकणाऱ्या जीवांची संख्याही वाढवली. एक जागा वाढली म्हणजे काय, तर ज्याला एरवी राखीव म्हणून गाडीत बसवून ठेवलं असतं असा एखादा विक्षिप्त जीव मैदानात आला. सहाव्या भागाच्या डीएस रिमेकनं मात्र शत्रूंना वश करण्याची सोयच काढून टाकली. ठरावीक सोबती उरले, त्यात स्लाइम जातीच्या जीवांचाच भरणा.

या मालिकेतला खरा संग्रहाचा खेळ म्हणजे १९९८ चा ‘टेरीज वंडरलँड’. अकिरा तोरियामांच्या रेषेतले २१५ जीव, आणि दोघांच्या संकरातून तिसरा जन्माला घालायचा. २०१२ मध्ये निन्टेंडो ३डीएसवर, तेही फक्त जपानमध्ये, त्याचा रिमेक आला आणि संख्या ६०० च्या वर गेली. पण मूळ खेळात जीवांची दहा कुळं होती. पक्षी, वनस्पती आणि कीटक वेगवेगळे. रिमेकनं मधल्या ‘जोकर’ उपमालिकेची विभागणी उचलली आणि ही तिन्ही ‘निसर्ग’ या एका कुळात घातली. संकराच्या खेळात कुळ म्हणजे नुसतं लेबल नव्हे, कोणाच्या पोटी काय जन्मेल याचा तो नियम असतो. जीव तिप्पट झाले आणि जन्माच्या वाटा काही ठिकाणी अरुंद झाल्या. भरपाई आकारानं केली: काही अजस्र जीव पथकातल्या दोन किंवा तीन जागा अडवतात, आणि तीन चपळ जीव घ्यावेत की एक डोंगर, हा विचार नव्यानं करावा लागतो.

ॲटलस कंपनीच्या ‘शिन मेगामी टेन्सेई’ खेळांत संग्रह देवदानवांचा असतो, जगभरच्या पुराणांतून उचललेल्या. मराठी वाचक इथे सावरून बसेल, कारण २००३ च्या ‘नॉक्टर्न’मध्ये विष्णू, लक्ष्मी, पार्वती, गणेश, गरुड असे सगळे ओळखीचे आहेत, काझुमा कानेकोच्या थंड, काहीशा परग्रहावरच्या वाटणाऱ्या शैलीत. शंकर मिळवायचा तर बाली बेटावरच्या रांगडा आणि बारोंग या दोघांचा संयोग करावा लागतो. हे आपल्याकडच्या कीर्तनकाराला पटवून देणं अवघड आहे. खेळाच्या आतल्या तर्कात मात्र ते चपखल बसतं, कारण ते दोघे बालीच्या नृत्यनाट्यातले कायमचे वैरी. २०२० च्या एचडी आवृत्तीनं या दरबाराची मूळ रूपं तशीच राखली. बदल केला तो वेगळ्याच जागी. मुळात संयोगातून जन्मणाऱ्याला आईबापांचे कोणते डाव मिळतील हे नशिबावर होतं. खेळाडू पडद्यावरून मागे यायचे, पुन्हा आत जायचे, मनाजोगी यादी दिसेपर्यंत. आता डाव स्वतः निवडता येतात. तोच गण दहा खेळाडूंकडे दहा प्रकारचा होऊ लागला. जीव न वाढवता वैविध्य वाढवण्याचं इतकं साफ उदाहरण दुसरं सापडत नाही.

याच्या अगदी उलट दैव ‘मॉन्स्टर रँचर’चं. १९९७ च्या प्लेस्टेशनवरच्या या खेळात घरातली कुठलीही सीडी यंत्रात घातली की तिच्यातल्या माहितीवरून एक जीव जन्मायचा. आईच्या गाण्यांच्या सीडीतून काय निघेल याची उत्सुकता हाच अर्धा खेळ. २०२१ च्या जोड-आवृत्तीत सीडीचं यंत्रच उरलं नव्हतं, म्हणून सीडींच्या नावांची सूची दिली: नाव शोधा, जीव घ्या. जीव शाबूत राहिले, पण आता कपाट उपसण्याची गरज राहिली नाही आणि अनपेक्षिताची गंमतही त्याबरोबर गेली. निर्मात्यांना यात फारसा दोष देता येत नाही. दुसरं काय करणार होते?

रेखाटनाचा मुद्दा उरतो. पहिल्या गेमबॉयवर जीवाचं समोरचं चित्र जास्तीत जास्त ५६ गुणिले ५६ ठिपक्यांत आणि चार छटांत बसवावं लागे. त्या ओबडधोबड चित्रांतला बराचसा जीव खेळाडूची कल्पना पुरवत असे. केन सुगिमोरी आणि सहकाऱ्यांनी पुढे ती पुन्हा पुन्हा रेखाटली. गुबगुबीत पिकाचू सडपातळ झाला. काही बदल टीकेतून आले. जिंक्स या जीवाच्या काळ्या चेहऱ्यात वर्णद्वेषी विडंबन दिसतं, अशी टीका अमेरिकन लेखिका कॅरोल बॉस्टन वेदरफर्ड यांनी २००० मध्ये केली. ‘फायररेड’मधली जिंक्स जांभळी आहे. त्रिमिती आल्यावर वेगळीच किंमत मोजावी लागली. स्थिर चित्रात स्कार्मरी हा पोलादी पक्षी छाती काढून उभा राहू शकत होता. त्रिमितीत तो सतत पंख फडफडवत तरंगतो, आणि तो पोलादाचा आहे यावर विश्वास बसेनासा होतो.

रिमेकनं जे केलं नाही ते चाहते स्वतः करतात. ‘हार्टगोल्ड’ जोडीवर बेतलेले ‘सेक्रेड गोल्ड’ आणि ‘स्टॉर्म सिल्व्हर’ हे अनधिकृत बदल सगळे ४९३ जीव एकाच खेळात मिळतील असे पेरतात आणि जिम लीडरांची पथकंही नव्यानं बांधतात. हौशी माणसांच्या कामाला असतो तसा अतिरेक त्यांत आहे. एकेका रस्त्यावर इतक्या जाती की प्रदेशाला चेहरा राहत नाही. २००३ पासून कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन पाहिलेल्या आपल्याकडच्या पिढीतल्या अनेकांची या मालिकेशी खेळ म्हणून ओळख संगणकावरच्या एम्युलेटरमधूनच झाली, त्यामुळे मूळ, रिमेक आणि चाहत्यांची आवृत्ती यांत पुण्या-मुंबईतला खेळाडू फारसा भेद करत नाही.

सगळ्यात अवघड पेच अजून यायचा आहे. अनुक्रमानं पाहिलं तर रिमेकचा पुढचा मान २०१० च्या ‘ब्लॅक’-‘व्हाइट’चा. त्या खेळानं १५६ नवे जीव आणले आणि कथा संपेपर्यंत एकही जुना जीव रानात दिसू दिला नाही; पिकाचू नाही, झुबॅटही नाही. हट्टी, धाडसी आणि संपूर्ण मालिकेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली पेरणी. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागानं तो हट्ट सोडून तीनशेची मिश्र यादी घेतली. आज एकूण जीव १०२५ आहेत आणि जुना लाडका पथकात हवा म्हणणारे खेळाडू तेव्हापेक्षा कितीतरी जास्त. ‘ब्लॅक’च्या उनोव्हा प्रदेशातल्या पहिल्या गवतात पॅट्रॅट आणि लिलिपप यांच्याशिवाय कोणालाही घेतलं, तर तो ‘ब्लॅक’चा रिमेक राहत नाही; नाही घेतलं, तर जाहिरातीत लिहायचा आकडा १५६.